यादृच्छिक नियंत्रित चाचणी

यादृच्छिक नियंत्रित चाचणी ही एखादे औषध, शस्त्रक्रिया, तपासणी किंवा प्रतिबंधक उपाय माणसांसाठी कितपत गुणकारी व सुरक्षित आहे, हे ठरवण्याची वैद्यकीय संशोधनपद्धती आहे. या पद्धतीत सहभागी व्यक्तींची दोन किंवा अधिक गटांत विभागणी करतात. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ते योगायोगावर सोपवलेले असते. एका गटाला नवा उपचार मिळतो, तर दुसऱ्या गटाला प्रचलित उपचार, छद्म-औषध किंवा केवळ निरीक्षण. ठरावीक काळानंतर गटांतील मृत्यू, आजाराची वाढ, वेदना इत्यादींची तुलना केली जाते. शस्त्रक्रिया, कर्करोग आणि मधुमेहासारखे दीर्घकालीन आजार या तिन्ही क्षेत्रांतील अनेक रूढ समजुती अशा चाचण्यांमुळे बदलल्या आहेत. मुंबई, बार्शी व चेन्नई येथे झालेल्या काही चाचण्यांना जागतिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

शब्दाचा अर्थ

'यदृच्छा' या संस्कृत शब्दाचा अर्थ योगायोग, आपोआप घडणे असा आहे. त्यावरून 'यादृच्छिक' हे विशेषण आले. 'नियंत्रित' या शब्दाने तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचा निर्देश होतो. या गटाला नियंत्रण गट म्हणतात. दैनंदिन व्यवहारात अशा अभ्यासांना 'क्लिनिकल ट्रायल' असे सरसकट म्हटले जाते. परंतु प्रत्येक क्लिनिकल ट्रायल यादृच्छिक असतेच असे नाही. नव्या औषधाची योग्य मात्रा शोधणाऱ्या प्राथमिक टप्प्यातील चाचण्यांत अनेकदा नियंत्रण गट नसतो.

गरज

उपचारानंतर रुग्ण बरा झाला म्हणजे तो उपचारामुळेच बरा झाला, असे सिद्ध होत नाही. अनेक आजार काळाच्या ओघात आपोआप कमी होतात. रुग्ण बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर डॉक्टरांकडे येतो, त्यामुळे त्यानंतर थोडा उतार पडणे स्वाभाविक असते. आपल्यावर उपचार होत आहेत या विश्वासानेही काही रुग्णांना बरे वाटते.

दोन प्रकारच्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहणेही पुरेसे नसते. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले होते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत मात्र इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले आणि २००२ मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. स्वेच्छेने संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील व आरोग्याविषयी जागरूक असणे, हे या विसंगतीचे एक कारण मानले जाते. यादृच्छिक विभागणीने असा फरक टळतो. वय, आर्थिक स्थिती, आजाराची तीव्रता, इतकेच नव्हे तर आपल्याला ठाऊक नसलेले गुणधर्मही दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात येण्याची शक्यता असते. मग परिणामांत जो लक्षणीय फरक पडेल, तो उपचारामुळे पडला असे म्हणता येते.

इतिहास

१७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने 'सॅलिसबरी' या जहाजावरील स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री व लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. ही तुलना यादृच्छिक नव्हती, तरी नियंत्रित प्रयोगाचे आरंभीचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो. ब्रिटिश नौदलात लिंबाच्या रसाचा सार्वत्रिक वापर सुरू होण्यास त्यानंतर सुमारे पाच दशके लागली.

यादृच्छिक विभागणीचा शास्त्रीय पाया शेतीच्या प्रयोगांतून घातला गेला. १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी खते व पिके यांची तुलना करताना जमिनीच्या तुकड्यांची निवड योगायोगाने करण्याची पद्धत मांडली. १९४८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्या आखणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ अंथरुणात विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ दगावले. औषधाचा साठा अत्यल्प असल्याने ते सर्वांना देणे शक्यच नव्हते, म्हणून चिठ्ठीने निवड करणे न्याय्य मानले गेले.

भारतातील आरंभीची महत्त्वाची चाचणी १९५६ मध्ये मद्रास, आताचे चेन्नई, येथे सुरू झाली. क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवून विश्रांती व सकस आहार दिला पाहिजे, अशी त्या काळची धारणा होती. देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा फार थोड्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना व मद्रास सरकार यांच्या सहकार्याने रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला आरोग्यधामात, दुसऱ्याला घरीच तीच औषधे देण्यात आली. घरी राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता व घरे दाटीवाटीची होती. तरीही औषधोपचाराचे फळ दोन्ही गटांत जवळपास सारखेच मिळाले आणि घरातील इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे जगभर क्षयरोगाचा उपचार आरोग्यधामाबाहेर आला.

कार्यपद्धती

चाचणीचा आराखडा आधी लेखी तयार केला जातो. कोणाला सहभागी करायचे, किती व्यक्ती लागतील, मुख्य निष्कर्ष कशावरून काढायचा आणि आकडेमोड कशी करायची, हे सारे त्यात आरंभीच नमूद असते. निकाल हाती आल्यावर सोयीचा निकष निवडता येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

- यादृच्छिक विभागणी: हल्ली ती संगणकाद्वारे होते. पुढील रुग्ण कोणत्या गटात जाणार हे त्याला सहभागी करणाऱ्या डॉक्टरला आधी कळू दिले जात नाही.
- छद्म-औषध: यालाच प्लासिबो म्हणतात. खऱ्या औषधासारखीच दिसणारी, परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी किंवा इंजेक्शन. प्रभावी उपचार उपलब्ध असलेल्या गंभीर आजारात सामान्यतः तुलना त्या उपचाराशीच केली जाते.
- अंधता: कोणाला काय मिळाले हे रुग्णापासून लपवले असल्यास चाचणी एकेरी-अंध, व रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवले असल्यास दुहेरी-अंध म्हटली जाते.
- समूह-यादृच्छिक चाचणी: कधीकधी व्यक्तींऐवजी संपूर्ण गाव, वस्ती किंवा रुग्णालय एका गटात टाकले जाते. आरोग्य तपासणीच्या मोहिमांसाठी ही पद्धत सोयीची असते.
- मूळ गटानुसार विश्लेषण: एखाद्याने उपचार मध्येच सोडला, तरी त्याची गणना ज्या गटात तो आरंभी होता त्याच गटात होते.
- सुरक्षा देखरेख समिती: ही स्वतंत्र समिती चाचणी चालू असताना आकडे तपासते आणि एखाद्या गटाला स्पष्ट अपाय वा निर्विवाद लाभ दिसल्यास चाचणी थांबवण्याची शिफारस करते.

चाचणीचा मुख्य निकष रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके औषधाने कमी केले तर रुग्ण वाचतील, असे १९८०च्या दशकात मानले जाई. अमेरिकेत झालेल्या चाचणीत एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी मृत्यू वाढल्याचे आढळले. औषध गटात ६३ व छद्म-औषध गटात २६ मृत्यू झाले, आणि दोन्ही गटांतील रुग्णांची संख्या जवळपास सारखीच होती. ठोक्यांचा आलेख सुधारला, पण रुग्ण दगावले. त्यामुळे केवळ रक्तातील वा आलेखातील बदलावर विसंबणाऱ्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहिले जाते.

शस्त्रक्रियेतील चाचण्या

शस्त्रक्रियांची यादृच्छिक चाचणी घेणे औषधांच्या मानाने अवघड असते. शल्यचिकित्सकाला आपण काय करत आहोत हे ठाऊक असतेच. कौशल्य व्यक्तिपरत्वे बदलते. शिवाय खोटी शस्त्रक्रिया करणे योग्य आहे काय, हा प्रश्न उभा राहतो.

२००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या संधिझिजेच्या १८० रुग्णांवर झालेली चाचणी या संदर्भात नेहमी उद्धृत होते. काहींचा सांधा दुर्बिणीने साफ करण्यात आला, काहींचा केवळ धुण्यात आला आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद घेऊन टाके घालण्यात आले. दोन वर्षांत वेदना किंवा हालचाल यांबाबत तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आपल्यावर केवळ खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते, हे समजल्याचे प्रत्येक रुग्णाने स्वहस्ताक्षरात लिहून दिले होते. पात्र ३२४ रुग्णांपैकी १४४ जणांनी सहभागास नकार दिला होता.

हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्याच्या अँजिओप्लास्टीबाबतही असेच घडले. २०१७ मध्ये ब्रिटनमधील 'ऑर्बिटा' चाचणीत स्थिर स्वरूपाच्या हृदयशूळाच्या २०० रुग्णांपैकी काहींना अँजिओप्लास्टी, तर काहींना तिचा केवळ देखावा मिळाला. दोन्ही गटांना पुरेशी औषधे चालू होती. सहा आठवड्यांनंतर व्यायामाच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच संशोधकांनी हृदयशूळाची औषधे बंद ठेवून ३०१ रुग्णांवर दुसरी चाचणी घेतली. तीत अँजिओप्लास्टीने छातीतील वेदना कमी झाल्याचे आढळले. २०२० मधील 'इस्किमिया' या ५,१७९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्थिर हृदयविकारात सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी वा बायपास करण्याने, आधी औषधे देऊन पाहण्याच्या तुलनेत, हृदयविकाराचे झटके व मृत्यू यांसारख्या घटना कमी झाल्या नाहीत. हे निष्कर्ष स्थिर हृदयविकारापुरते आहेत. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णासाठी तातडीची अँजिओप्लास्टी जीवरक्षक ठरते.

आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजे अपेंडिसायटिस, झाल्यास शस्त्रक्रिया अटळ मानली जात असे. अमेरिकेतील १,५५२ प्रौढ रुग्णांवरील 'कोडा' चाचणीत २०२० मध्ये असे दिसले, की प्रतिजैविके घेणाऱ्यांचे ३० दिवसांनंतरचे आरोग्य शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा कमी प्रतीचे नव्हते. मात्र प्रतिजैविके घेणाऱ्या दर १० पैकी सुमारे ३ जणांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा जंतुसंसर्ग ही गरीब देशांतील मोठी समस्या आहे. भारतासह सात देशांत झालेल्या दोन चाचण्यांनी या प्रश्नाचा विचार केला. २०२१ मधील 'फाल्कन' चाचणीत ५,७८८ रुग्णांवर जंतुनाशक द्रव्य लावलेला महागडा धागा साध्या धाग्याहून सरस ठरला नाही. २०२२ मधील 'चीता' चाचणीत पोटाची जखम शिवण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलण्याचा साधा नियम तपासण्यात आला. १३,३०१ रुग्णांच्या या चाचणीत जंतुसंसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले.

कर्करोगावरील चाचण्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके अधिक काढावे तितका रोग मुळापासून जाईल, हा विचार पाऊणशे वर्षे टिकला. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी व इटलीतील मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी केवळ गाठ काढून स्तन राखण्याच्या शस्त्रक्रियेची, स्तन काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेशी, यादृच्छिक तुलना आरंभली. २००२ मध्ये दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुर्मानात फरक पडला नव्हता. प्रारंभीच्या अवस्थेतील रोगात स्तन राखून शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार ही पद्धत त्यामुळे सर्वमान्य झाली.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील काही चाचण्यांनी असेच वादग्रस्त प्रश्न सोडवले. तंबाखूच्या सेवनामुळे भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. प्रारंभीच्या अवस्थेत मानेत गाठ हाताला लागत नसताना मानेतील लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ उद्भवल्यावर काढाव्यात, याबद्दल अनेक दशके मतभेद होते. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. येथे अधिक शस्त्रक्रिया हितकर ठरली. त्याच वर्षी राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी, निदानाच्या वेळीच शरीरात दूरवर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ३५० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष दिले. तीत स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही. अधिक उपचार कोठे लाभतो व कोठे लाभत नाही, हे तर्काने नव्हे तर तुलनेनेच कळले.

उपचारांची किंमत हाही संशोधनाचा विषय ठरला आहे. प्रतिकारशक्तीला चालना देणारे निव्होलुमॅब हे औषध पूर्ण मात्रेत घेणे बहुसंख्य भारतीय रुग्णांना परवडत नाही. टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी या औषधाची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा देण्यात आली. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर अल्पमात्रा गटातील ४३.४ टक्के, तर दुसऱ्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते. या चाचणीत अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे लागते.

मुंबई व बार्शी येथील तपासणी चाचण्या

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखल्यास टाळता येतो. श्रीमंत देशांत त्यासाठी वापरली जाणारी पॅप तपासणी प्रशिक्षित तज्ज्ञ व प्रयोगशाळांवर अवलंबून असते. ग्रामीण व गरीब वस्त्यांसाठी सोपा पर्याय शोधण्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात दोन मोठ्या समूह-यादृच्छिक चाचण्या झाल्या.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडवस्त्यांचे २० समूह निवडले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया या चाचणीत होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लावून डोळ्यांनी तपासणी केली गेली. त्यासोबत स्तनांचीही हाताने तपासणी झाली. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनतपासणीच्या निष्कर्षांत एकूण मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. मात्र पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के होती.

दुसरी चाचणी तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती राबवली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली: एचपीव्ही या विषाणूची तपासणी, पॅप तपासणी, व्हिनेगर तपासणी आणि नियंत्रण गट. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू नियंत्रण गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. उरलेल्या दोन्ही तपासण्यांच्या एकाच फेरीने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

या दोन्ही चाचण्यांवर कठोर टीकाही झाली. पॅप तपासणीची उपयुक्तता इतरत्र आधीच मान्य झालेली असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे अनैतिक होते, आणि सहभागी स्त्रियांना पर्यायांची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्या काळी भारतात संघटित तपासणी कार्यक्रमच नसल्याने तपासणी न होणे हीच तेथील प्रचलित स्थिती होती. नियंत्रण गटातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले गेले व रोग आढळल्यास उपचारांची सोय होती, असे संशोधकांचे उत्तर होते. नियंत्रण गटाची तुलना जगातील सर्वोत्तम सेवेशी करावी की स्थानिक वास्तवाशी, हा वाद वैद्यकीय नीतिशास्त्रात आजही चर्चिला जातो.

दीर्घकालीन आजारांवरील चाचण्या

मधुमेह, उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे आजार हळूहळू वाढतात. त्यामुळे त्यांवरील चाचण्या मोठ्या व दीर्घ असतात. ब्रिटनमधील एका मधुमेह चाचणीत नव्याने निदान झालेल्या ३,८६७ रुग्णांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा झाला. रक्तातील साखर अधिक काटेकोर राखलेल्या गटात डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९८ मध्ये दिसून आले. मग साखर जितकी कमी तितके चांगले काय? २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतील 'ॲकॉर्ड' चाचणीत १०,२५१ अतिजोखमीच्या रुग्णांपैकी अतिकाटेकोर गटात २५७, तर सौम्य गटात २०३ मृत्यू झाले आणि साखरेवरील कडक उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. आज रुग्णाचे वय व सहव्याधी पाहून साखरेचे लक्ष्य ठरवले जाते, त्यामागे या दोन्ही चाचण्यांचा आधार आहे.

मधुमेह टाळता येतो काय, हे तपासणारी भारतीय चाचणी चेन्नईत ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी घेतली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींपैकी नियंत्रण गटातील ५५ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार व व्यायाम यांचा सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्के व दोन्ही उपाय करणाऱ्यांत ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीने दाखवले, की अल्प-उष्मांक आहाराने वजन घटवणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांविना आटोक्यात होता. नियंत्रण गटात हे प्रमाण ४ टक्के होते.

अलीकडच्या काळात सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचण्या गाजल्या. २०२३ मधील 'सिलेक्ट' चाचणीत हृदयविकार व अतिरिक्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्ती होत्या. २०२४ मधील 'फ्लो' चाचणीत मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेल्या ३,५३३ रुग्णांमध्ये मूत्रपिंडाशी संबंधित गंभीर घटना व त्यांच्याशी निगडित मृत्यू यांचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळले.

निष्कर्षांचे वाचन

चाचण्यांच्या बातम्यांत बहुधा सापेक्ष घट सांगितली जाते. 'सिलेक्ट' चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका २० टक्क्यांनी घटला, हे विधान खरे आहे. प्रत्यक्षात सुमारे तीन वर्षे चार महिन्यांत अशी घटना छद्म-औषध गटातील ८ टक्के, तर औषध गटातील ६.५ टक्के व्यक्तींत घडली. म्हणजे निव्वळ घट १.५ टक्क्यांची, सुमारे ६७ व्यक्तींनी इतका काळ औषध घेतल्यास एका व्यक्तीची अशी घटना टळते. त्याच चाचणीत दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण औषध गटात १६.६ टक्के व दुसऱ्या गटात ८.२ टक्के होते. लाभ व अपाय दोन्ही निव्वळ आकड्यांत पाहिल्याखेरीज उपचाराचे मोल नीट कळत नाही.

'लक्षणीय फरक नाही' याचा अर्थ 'दोन्ही उपचार समान' असाही होत नाही. कधीकधी सहभागींची संख्या अपुरी असते. निष्कर्ष कोणत्या वयाच्या, कोणत्या अवस्थेतील रुग्णांविषयी आहेत हेही पाहावे लागते.

नैतिक प्रश्न व नियमन

कोणता उपचार सरस आहे याबद्दल तज्ज्ञांत खरीखुरी अनिश्चितता असेल, तरच रुग्णांची यादृच्छिक विभागणी समर्थनीय मानली जाते. दुसऱ्या महायुद्धातील नाझी छळछावण्यांतील प्रयोगांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिने सहभागीची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य ठरवली. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा संमत केला, ज्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. अमेरिकेतील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ या काळात, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना ठेवण्यात आले होते. हा अभ्यास यादृच्छिक चाचणी नव्हता. परंतु संशोधनावर देखरेख का हवी याचे उदाहरण म्हणून तो सर्वत्र शिकवला जातो.

भारतात चाचण्यांची नोंद करणारी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली व २००९ पासून नोंदणी सक्तीची करण्यात आली. प्रतिकूल निष्कर्ष दडवले जाऊ नयेत, हा तिचा एक उद्देश आहे. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. चाचण्यांतील मृत्यू व अपुरी संमती यांविषयी सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर २०१३ मध्ये नियम कडक झाले. सध्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ लागू आहेत. त्यांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत सर्वसामान्य नागरिकांचा प्रतिनिधी व स्त्री सदस्य असणे आवश्यक असते, आणि किमान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरील असावे लागतात. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाईची तरतूद आहे.

सहभागी व्यक्तीला संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. प्रश्न विचारण्याचा, सहभागास नकार देण्याचा व कोणतेही कारण न देता मध्येच बाहेर पडण्याचा तिला हक्क असतो. त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये.

मर्यादा

दुर्मीळ आजारांत पुरेसे सहभागी मिळत नाहीत. वृद्ध, गर्भवती स्त्रिया व अनेक व्याधी असलेले रुग्ण बहुधा वगळले जातात, त्यामुळे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. काही वर्षांनी दिसणारे किंवा क्वचित घडणारे दुष्परिणाम चाचणीत निसटू शकतात. मोठ्या चाचण्यांचा खर्च बहुधा औषध कंपन्या करतात. जुनी, स्वस्त औषधे किंवा साधे उपाय यांवरील प्रश्न त्यामुळे मागे पडतात.

घाईच्या प्रसंगी चाचणीविना उपाय रूढ होण्याचा धोका असतो. कोविड-१९च्या साथीत बरे झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, मिळवण्यासाठी नातेवाइकांची धावपळ होत असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत आजार गंभीर होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के व न मिळालेल्यांत १८ टक्के आढळले. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, वगळण्यात आला.

हेही पाहा

- जैवसंख्याशास्त्र
- टाटा स्मारक रुग्णालय
- भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद
- गर्भाशयमुखाचा कर्करोग
- मधुमेह
- हेलसिंकी जाहीरनामा